मुहूर्तमेढ झालेल्या घरची मुलगी

वर्गात मी पहिला प्रश्न दरवर्षी तोच विचारते. "तुमच्यापैकी कोणी मेलेलं माणूस अगदी जवळून पाहिलंय?"

आधी मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसतं. मग हळूहळू हात वर होतात. कोणाचे आजोबा, कोणाच्या शेजारच्या बाई, कोणाचा गावचा चुलता. एका वर्षी एकीने विचारलं, "जवळून म्हणजे किती जवळून, मॅडम?" मी म्हटलं, "हात लावण्याइतकं." तेव्हा वर गेलेले बरेचसे हात खाली आले.

मुलुंडच्या एका हॉस्पिटलला जोडलेल्या नर्सिंग कॉलेजात मी शिकवते. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काढली. शिकवायला आले ते गुडघे कुरकुरायला लागले म्हणून, आणि वॉर्डाचा कंटाळा आला होता म्हणूनही. इथे जरा आराम मिळेल असं वाटलं होतं. तसा मिळतोही. फक्त दरवर्षी हा एक धडा येतो, मरणासन्न रुग्णाची काळजी आणि मृत्यूनंतरची परिचर्या. पुस्तकात तो जेमतेम काही पानांचा आहे. मुली त्यावर पेन्सिलीने खूण करतात, कारण परीक्षेत त्यावर टीप येते. वर्गात तो धडा अर्ध्या तासात संपतो. मग आम्ही वॉर्डात जातो आणि तिथे तो संपता संपत नाही.

ज्या बॅचबद्दल मी सांगतेय, त्यातल्या काही मुली करोनाच्या दिवसांत टीव्हीवर नर्सेसना बघून या कोर्सला आल्या होत्या. टीव्हीवर त्यांनी टाळ्या पाहिल्या होत्या. त्या काळात मला पुन्हा वॉर्डात बोलावलं होतं. आम्ही माणसं पिशवीत घालून चेन ओढत होतो. तोंड पुसायलाही सवड नव्हती, आणि घरचे लोक गेटबाहेर उभे असायचे. हे मी वर्गात फारसं सांगत नाही. सांगायला घेतलं की तास पुरत नाही, आणि पुढच्या तासाला दुसऱ्या मॅडम दाराशी येऊन उभ्या असतात. पण तेव्हापासून एका बाबतीत मी हट्टी झालेय. गेलेल्या माणसाला पुसून, नीट करून, स्वच्छ चादरीत घरच्यांच्या हाती द्यायचं. यात मी कोणाला सूट देत नाही. मुलींमध्ये माझं नाव त्यावरून खराब आहे, ते मला ठाऊक आहे.

मरायला टेकलेल्या पेशंटकडे मुली कशा जातात ते मी लांबून बघत असते. बीपी घेतात, ताप बघतात, सलाइनचे थेंब मोजतात, उशी सारखी करतात. तोंडाकडे तेवढं बघत नाहीत. बाहेर पॅसेजमध्ये आल्या की एकमेकींना विचारतात, "तुझ्या ड्यूटीत गेला का? नाही ना? सुटलीस गं." पेशंटची अदलाबदल करतात. आपल्या ड्यूटीत कोणी जाऊ नये म्हणून खिशात अंगारा ठेवणाऱ्या मुलीही मी पाहिल्यात. घरी गेल्यावर आया त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवतात, गॅलरीत बादली भरून ठेवलेली असते. मी यावर पूर्वी बोलायचे. आता बोलत नाही.

त्या बॅचमध्ये भांडुपची एक मुलगी होती. चालायला, बोलायला, कामाला, सगळ्यात फास्ट. हात फार चांगला, एका फटक्यात शीर सापडायची तिला. कोणतंही काम दिलं की "झकास" म्हणून पळायची. फक्त हे काम सोडून. मला तिने तोंडावर सांगितलं होतं, "मॅडम, मला ॲक्सिडेंट द्या, उलटी-संडास द्या, काहीही द्या. हे मरणारे नको. वाट लागते माझी."

मी म्हटलं, "निवडून घ्यायला ही भाजी नाही."

"माहितेय ना. तरी सांगून ठेवते."

फीमेल वॉर्डात तिच्या वाट्याला खिडकीकडच्या बेडवरची एक बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, कांजूरला घरीच ब्लाउज शिवून देणारी. मूळची मालवणकडची. पोटात पाणी झालेलं, डोळे पिवळे. कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी ते नवऱ्याला सांगितलं होतं, आणि नवऱ्याने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. नवरा एका सोसायटीत वॉचमन होता. ड्यूटी संपली की डब्यात पेज घेऊन यायचा, स्टुलावर बसायचा आणि बायकोकडे न बघता खिडकीतून खाली बघत राहायचा. मूलबाळ नव्हतं.

बाई मात्र बोलकी. पहिल्याच दिवशी तिने या मुलीचा युनिफॉर्म धरला. "गो बाय, खांद्यात ह्या ढिला झाला. कोणी शिवल्यान?"

"रेडीमेड आहे, काकी."

"दिसताच ता."

झालं, दोघींचं जमलं. आमची मुलगी तिला काकी म्हणायला लागली. काकी बोलते, हसते, लोकांच्या ब्लाउजना नावं ठेवते, त्यामुळे ही बरी होऊन घरी जाणार असं हिने मनाशी धरलं. फाइल रोज हातात असून. मी पुष्कळ वेळा पाहिलंय हे. फाइलमधलं अक्षर न् अक्षर वाचता येतं, पण समोरचं माणूस बोलत असेल तर ते वाचलेलं आत जात नाही. मुलीच्या मोठ्या भावाचं लग्न ठरलं होतं. ही करवली. साडी कुठली, मेंदी कधी, हॉल कुठला, सगळं काकीला सांगून झालं. पाठ पुसता पुसता, नखं कापता कापता ही बडबडत असायची आणि काकी डोळे मिटून ऐकत असायची.

आठवड्याभरात काकीचे पाय सुजले. खाणं सुटलं. नवऱ्याने आणलेली पेज तशीच परत जायला लागली. मुलगी मला शोधत स्टाफरूमपर्यंत आली.

"मॅडम, काकी काहीच खात नाहीत. तुम्ही डॉक्टरांशी बोला ना. ट्यूब टाकतील, काहीतरी करतील."

मी तपासायच्या वह्या बाजूला सारल्या. "बस."

"नको, सांगा ना."

"त्या जाणार आहेत गं. थोडे दिवस राहिलेत."

"पण कालच बोलल्या ना माझ्याशी! अर्धा तास बोलल्या."

"बोलतात. काही माणसं अगदी शेवटपर्यंत बोलतात."

ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी वॉर्डात ती खिडकीच्या बाजूला फिरकलीच नाही. चार जणींचं काम एकटीने उरकत होती, ट्रॉली पुसत होती, कोणी न सांगता लिननचं कपाट लावत होती. काकीचं बीपी दुसरीने घेतलं. मी तिला तिकडे पाठवलं नाही. रागावून कोणाला पलंगाशी नेता येतं, पण तिथे उभं ठेवता येत नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी ती आपणहून काकीकडे गेली. मी शेजारच्या बेडपाशी एका विद्यार्थिनीला ड्रेसिंग दाखवत होते, मध्ये पडदा होता. काकीचा आवाज आता बारीक झाला होता.

"काल खंय होतंस?"

"ओपीडीत होते, काकी."

मग काकी म्हणाली, "भियालंस?"

मला वाटलं, आता ही नाही म्हणणार. सगळ्या तेच म्हणतात.

"हो," ती म्हणाली.

"माका पण भय वाटता. बस हंय."

स्टूल सरकवल्याचा आवाज आला. पडद्याच्या खालून मला तिचे पांढरे बूट दिसत होते, ते बराच वेळ तिथेच होते. मी ड्रेसिंग दाखवत होते आणि मला एकदम आपण फार थकलोय असं वाटलं. वाईट वाटलं असंही नाही. इतकी वर्षं फळ्यावर जे लिहीत आले, 'रुग्णाच्या भावना व्यक्त होऊ द्याव्यात' वगैरे, ते त्या पडद्यापलीकडे दोन वाक्यांत होऊन गेलं होतं आणि त्यात माझा काही हात नव्हता.

त्याच आठवड्यात मुलीची आई मला भेटायला कॉलेजात आली. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात लग्नाच्या खरेदीच्या पिशव्या. खुर्चीच्या टोकावर बसली.

"मॅडम, आमच्याकडे मुहूर्तमेढ झाली. आता लग्न होईपर्यंत घरातल्या कोणी मयताला जायचं नाही, शिवायचं नाही. हिचं हे असं काम. ही सांगत होती, वॉर्डात कोणीतरी बाई अगदी शेवटच्याला आहे म्हणून. तेवढं बघा ना तुम्ही. तिच्या लग्नाच्या रजेला थोडेच दिवस राहिलेत."

वाद घालायचं मनात आलं नाही. कॉलेजचं इन्स्पेक्शन तोंडावर होतं, चहा गार झाला होता, आणि असं सांगायला येणारी ती काही पहिली आई नव्हती. कोणाची वहिनी गरोदर असते, कोणाचा नवस असतो. मी म्हटलं, "ठीक आहे, मी तिला ओपीडीत टाकते."

"शब्द द्या, मॅडम."

"दिला."

मुलीने ओपीडीची ड्यूटी निमूट घेतली. पण जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ती वॉर्डात यायची, काकीच्या ओठांवरून ओला कापूस फिरवायची, मान सरळ करायची, आणि मग पँट्रीत उभ्या उभ्या चपाती-भाजी खाऊन परत खाली पळायची. एकदा जिन्यात मला भेटली तेव्हा तिचा चेहरा असा होता, की हसतेय की रडतेय कळेना.

"मॅडम, काकी काय म्हणाल्या माहितेय? 'मी गेलंय तर तू हात लावू नको गो. तुज्या घराक लगीन असा. तुज्या आवशीक बरा वाटूचा नाय.' त्या माझ्या आईचा विचार करतायत!"

"मग ऐक त्यांचं," मी म्हटलं.

तिची रजा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी, काकीचा श्वास बदलला. लांब लांब घ्यायची, मग थांबायची. आता नाहीच येणार असं वाटेपर्यंत थांबायची, आणि पुन्हा घ्यायची. नवऱ्याला निरोप गेला होता. तो वॉचमनच्या गणवेशातच आला आणि बायकोचा पाय धरून बसला. हात धरावा हे त्याला सुचलं नसेल, किंवा हाताला सुया होत्या म्हणून भीती वाटली असेल. त्या दिवशी तिथे नेमलेली विद्यार्थिनी पडद्याशी उभी होती आणि तिचा रंग उडत चालला होता.

जेवणाच्या सुट्टीत आमची ती आली. हातातला डबा तसाच खिडकीत ठेवला आणि कापूस भिजवायला लागली.

मी म्हटलं, "तू जा आता."

"जाते."

गेली नाही. काकीच्या कानाशी वाकून म्हणाली, "काकी, मी आहे. काकापण आहेत. पायाशी बसलेत." मग कधीतरी तो पुढचा श्वास आलाच नाही. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. डॉक्टर आले, ईसीजीची सरळ रेघ काढली, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं आणि दुसऱ्या बेडकडे गेले. त्यांच्याकडेही थांबायला वेळ नव्हता.

नवऱ्याने मला विचारलं, "मी आता काय करू?"

"तुम्ही बाहेर बसा थोडा वेळ. आम्ही त्यांना नीट करतो, मग तुम्हाला हाक मारते."

तो उठला. दाराशी जाऊन परत आला. "तिचं कपाळ मोकळं ठेवू नका," एवढंच म्हणाला.

नेमलेल्या विद्यार्थिनीने पडद्याची कड घट्ट धरली होती. "मॅडम, मला गरगरतंय." स्टाफ सिस्टर नव्या ॲडमिशनमध्ये अडकल्या होत्या. मी एप्रन बांधला आणि गुडघ्यावर हात ठेवून खालच्या कप्प्यातून टब काढायला वाकले. दुसऱ्या बाजूने कोणीतरी तो उचलला.

"मी करते."

"तुझ्या आईला मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय, मॅडम. मी नाही दिला."

"आणि काकी काय म्हणाल्या होत्या?"

तिचं तोंड वाकडं झालं. "त्या काहीही म्हणतील. त्यांना दुसरं कोण आहे?"

मी तिला दुसरा एप्रन दिला.

आम्ही सुया काढल्या, नळी काढली, चिकटपट्ट्यांचे डाग स्पिरिटने पुसले. पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवला. मग अंग पुसायला घेतलं. जिवंत पेशंटला हात लावण्याआधी त्याला सांगायचं, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकवतो. मेलेल्या माणसाबद्दल तसं काही शिकवत नाही. ही सांगत होती. "काकी, पाणी कोमट आहे हं." "काकी, हात वर घेते." "काकी, आता कुशीवर करतोय तुम्हाला."

कुशीवर वळवताना काकीच्या तोंडातून उसासा निघाला. चांगला मोठा, घरकाम संपवून बसलेली बाई टाकते तसा. मुलगी ताडकन मागे झाली, हातातला टॉवेल पडला.

"मॅडम! श्वास!"

"नाही गं. आत राहिलेली हवा आहे. वळवलं की येते बाहेर."

"नक्की?"

"नक्की."

तिने तरीही मनगट धरून नाडी पाहिली. नीट, घड्याळाकडे बघून. मग हसली, आणि हसता हसता रडायला लागली. रडत रडत पाठ पुसली. गरगरणारी दुसरी विद्यार्थिनी कधी आत आली ते मला कळलं नाही. ती टब घेऊन गेली आणि पाणी बदलून घेऊन आली, तोंड दुसरीकडे फिरवून, पण आली.

केस विंचरून झाले, हनुवटीला पट्टी बांधून झाली, चादर घातली. कपाळ राहिलं. वॉर्डात कुंकू कुठून असणार? मी पर्स आणायला निघाले, तिच्यात कधीकाळी टिकल्यांचं पाकीट होतं. तेवढ्यात मुलीने स्वतःच्या कपाळावरची टिकली काढली आणि काकीच्या कपाळावर लावली. अंगठ्याने दाबली. लहानशी, मरून रंगाची टिकली होती. मग मी नवऱ्याला हाक मारली. तो आला, बायकोकडे बघितलं, या वेळी तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाला, "छान दिसतेय."

मुलीने होस्टेलवर डोक्यावरून आंघोळ केली, मैत्रिणीचे कपडे घातले आणि ओल्या केसांनी माझ्या खोलीत येऊन बसली. मी दोन चहा मागवले.

"मॅडम, घरी सांगू?"

"तुला काय वाटतं?"

ती कपाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. "नाही सांगितलं तर कोणाला कळणार पण नाही. पण मग हळदीला मीच सगळ्यात पुढे असणार. दादाला, वहिनीला हात लावणार. उद्या काही झालं तर मला आयुष्यभर वाटत राहील, माझ्यामुळे." मग म्हणाली, "मी हे मानत नाही, मॅडम. पण अगदीच मानत नाही असंपण नाही ना."

मी इतक्या वर्षांत मुलींना या विषयावर किती काय काय विचारलं असेल. इतकं खरं उत्तर मला क्वचित मिळालं असेल.

तिने माझ्यासमोरच फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं, टिकलीचं सोडून. पलीकडून आधी मोठा आवाज आला, मग काहीच आलं नाही. "ठेवला तिने," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. ऐन लग्नाच्या घाईत, रिक्षा करून. या वेळी ती बसली नाही.

"मी तुम्हाला सांगून गेले होते ना, मॅडम?"

"हो. मी तिला जा म्हटलं. ती थांबली. मी काही हाताला धरून बाहेर काढलं नाही."

"तुमचं काय, तुमची ड्यूटी झाली. उद्या सुनेचं काही कमी-जास्त झालं, तर बोट कोणाकडे जाणार? मी नाही दाखवणार हो. माझ्या जावा दाखवतील, नणंदा दाखवतील. माझ्या पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. तिचं पण लग्न व्हायचंय अजून."

मी तिला अडाणी समजत होते असं नाही, पण ती हे बोलेपर्यंत मी त्या बाजूने विचारच केला नव्हता. ती भुताखेतांना घाबरत नव्हती. ती नातेवाइकांना घाबरत होती, आणि त्यांना मी पण ओळखून आहे. आमचं घरही तसंच, कोकणातलं, वडील गिरणीत होते. आमच्या घाटकोपरच्या खोलीतही अशी बोटं पुष्कळ फिरलीयत.

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. ती शेवटी बसली. पाणी प्यायली. मग खालच्या आवाजात विचारलं, "कोण होती ती?"

"ब्लाउज शिवायची. कांजूरला. मालवणकडची होती."

"घरचं कोणी बाईमाणूस नव्हतं?"

"नाही. नवरा होता फक्त."

ती जरा वेळ पिशवीचे बंद गुंडाळत बसली. "मग कोणीतरी करायला पाहिजेच होतं," ती म्हणाली. "पण माझीच का?"

ती उठली, लग्नाला यायचं आमंत्रण मला दिलं आणि गेली.

घरात काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. मुलीने लग्नाला यायचं, पण हळदीला, देवकाला हात लावायचा नाही. करवली म्हणून चुलतबहीण उभी राहील. बाहेर कारण सांगायचं, हिची तब्येत बरी नाही.

मी लग्नाला गेले. भांडुपचा हॉल, एसी बिघडलेला, पंखे सगळे स्टेजकडे वळवलेले. मुलगी हिरवी साडी नेसून पाहुण्यांच्या रांगेत बसली होती, मेंदी रंगलेली. फोटोग्राफरने "करवली कुठेय, करवली?" अशी हाक मारली तेव्हा दिवा हातात घेऊन दुसरीच मुलगी पुढे झाली. आमची ती मेंदीकडे बघत राहिली. मी शेजारी जाऊन बसले.

"बरी आहेस ना?"

"चालतं यार." मग जीभ चावली. "सॉरी, मॅडम."

पंगतीत तिच्या आईने मला स्वतः वाढलं. नको नको म्हणत असताना दोन जिलब्या जास्त घातल्या आणि म्हणाली, "जेवा. उभं राहून राहून तुमचे पण पाय दुखत असतील." त्यापलीकडे आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही.

रजेवरून मुलगी परत आली ती बदलून वगैरे नाही, तशीच, फास्ट आणि तोंडाळ. बदललं ते बाकीच्यांचं वागणं. वॉर्डात कोणी शेवटच्याला आलं की मुली तिला बोलवायच्या. "तू कर ना, तुला येतं." स्टाफ सिस्टरही तिलाच हाक मारायच्या. मीसुद्धा तिचंच नाव घ्यायचे, कारण तिथे ती उभी असली की मला दुसऱ्यांकडे बघायला मोकळीक मिळायची. काम येणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं, हे काही फक्त नर्सिंगमध्ये होत नाही. शेवटच्या वर्षी तिने एकदा स्टाफरूमच्या दारात उभं राहून विचारलं, "मॅडम, सगळे मरणारे मलाच का?" आवाजात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. पुढच्या पोस्टिंगला मी तिला प्रसूती विभागात दिलं.

पास झाल्यावर ती अंधेरीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूला लागली. अधूनमधून मेसेज करायची. मग मेसेज यायचे बंद झाले, तसं होतंच. गेल्या महिन्यात कॉलेजच्या गेटपाशी अचानक भेटली, ड्यूटीवरून तशीच मावशीला बघायला आमच्याच हॉस्पिटलात आली होती. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण युनिफॉर्म अंगावर नीट बसत होता. वहिनीला मुलगा झाला, दणकट आहे, घरभर धावतो, असं सांगितलं.

"आणि तू?"

"आयसीयू सोडलं, मॅडम. म्हणजे, बदली मागून घेतली. आता लसीकरणाला आहे." तिने बिस्किट चहात बुडवलं. "पोरं काय बोंबलतात हो! कान किटतात. पण मला आवडतं. एवढ्या जोरात रडणारं माणूस म्हणजे किती जिवंत!"

मी हसले. हसूनही मला बरेच दिवस झाले होते.

"तुम्हाला राग नाही ना आला?" तिने विचारलं. "तुम्ही एवढं शिकवलंत आणि मी पळून आले."

"मी पण वॉर्डातून पळूनच इथे आलेय," मी म्हटलं. "परत जाशील?"

रस्त्यापलीकडे हॉस्पिटलच्या दारात एक रिक्षा थांबली होती आणि दोन माणसं एका म्हातारीला उतरवत होती. आम्ही दोघी तिकडे बघत होतो. म्हातारीला नीट उभं राहता येत नव्हतं, आणि धरणाऱ्यांना कुठून धरावं ते कळत नव्हतं.

"जाईन बहुतेक," ती म्हणाली. "पण एवढ्यात नाही. जरा दम खाते."

मग उरलेला चहा टपरीच्या बाकावर ठेवून रस्ता ओलांडून धावली, आणि त्या माणसांना काखेखालून कसं धरायचं ते दाखवायला लागली.